आयेल्ट्स स्पीकिंग: निसर्ग आणि फोटोंवरच्या प्रश्नांचा सराव, स्वतःच्याच फोनमधून

आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेच्या स्पीकिंगमध्ये, म्हणजे बोलण्याच्या भागात, ‘सीनरी’ आणि ‘टेकिंग फोटोग्राफ्स’ हे विषय वरचेवर निघतात. ऐकायला सोपे वाटतात, म्हणून त्यांची तयारी कुणी मनापासून करत नाही. मग नाशिकची मुलगी, नांदेडचा मुलगा आणि परदेशी निघालेली रत्नागिरीची नर्स, तिघंही एकच उत्तर देतात: ‘येस, आय लाइक नेचर व्हेरी मच, बिकॉज नेचर गिव्ज मी पीस ऑफ माइंड.’ वाक्य चुकीचं नाही. पण त्यात बोलणाऱ्याचं स्वतःचं काही नाही, त्यामुळे पुढे काय बोलायचं ते सुचत नाही आणि उत्तर तिथेच संपतं.

पहिल्यांदा परीक्षेला बसणाऱ्यांना माझं सांगणं असं, की या विषयांसाठी तयार उत्तरांच्या पीडीएफ शोधत बसू नका. तुमच्या फोनमध्ये तुम्ही स्वतः काढलेले ढीगभर फोटो पडलेले आहेत. प्रत्येकामागे जागा आहे, वेळ आहे, माणसं आहेत, काहीतरी घडलेलं आहे. सराव त्यांच्यावर करा. इंग्रजी वाक्यं मी इथे देवनागरीत लिहिली आहेत, कारण ही परीक्षा कानाची आणि जिभेची आहे. ती वाचू नका, मोठ्याने म्हणा.

परीक्षेत हे प्रश्न कुठे येतात

स्पीकिंगची मुलाखत ११ ते १४ मिनिटांची असते. परीक्षेचा प्रकार ॲकॅडमिक असो वा जनरल ट्रेनिंग, ती सारखीच असते आणि तिचं रेकॉर्डिंग होतं. पहिला भाग चार-पाच मिनिटांचा. आधी घर, शिक्षण किंवा नोकरी, मग एक-दोन साधे विषय. सीनरी आणि फोटो बहुधा इथे भेटतात. दुसऱ्या भागात एक कार्ड मिळतं, तयारीला एक मिनिट, आणि मग एक ते दोन मिनिटं एकट्याने बोलायचं. तिसऱ्या भागात त्याच कार्डाच्या विषयावर चार-पाच मिनिटं चर्चा.

गुण चार गोष्टींना, सारख्या वजनाने: ओघ आणि सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण, उच्चार. तुमचं मत परीक्षकाला पटलं का, याला गुण नाहीत. डोंगर आवडत नाहीत असं सांगितलं तरी काही बिघडत नाही. बोलण्याचा मराठी ढंगही गुण कमी करत नाही, शब्द स्पष्ट कळले पाहिजेत इतकंच.

पहिली पायरी: दहाएक फोटो बाजूला काढा

गॅलरी उघडा आणि एक वेगळा अल्बम करा. सुंदर फोटो निवडायचे नाहीत, बोलता येण्याजोगे निवडायचे. एक घराजवळचा. एक एसटीच्या किंवा रेल्वेच्या खिडकीतून घेतलेला. एक पावसाळ्यातला. एक फक्त माणसांचा, एक सेल्फी. एक हललेला, पण डिलीट करायला मन होत नाही असा. एक आईने किंवा मित्राने तुमचा काढलेला.

आता प्रत्येक फोटो समोर धरून पाच प्रश्नांची उत्तरं मोठ्याने द्या. कुठला आहे? केव्हाचा? सोबत कोण होतं? फोटोच्या चौकटीबाहेर काय चाललं होतं? आणि तो अजून का ठेवला आहे?

यातला चौथा प्रश्न सगळ्यांत मोलाचा. फोटोत जे दिसतं त्याचं वर्णन करायला लागलात की ‘ब्युटिफुल’, ‘व्हेरी ब्युटिफुल’, ‘सो ग्रीन’ यांच्यापुढे गाडी जात नाही. चौकटीबाहेरचं सांगायला लागलात की आपोआप गोष्ट सुरू होते, आणि गोष्टीबरोबर भूतकाळाची वेगवेगळी रूपं तोंडात येतात. समजा, साताऱ्याजवळच्या कास पठारावरचा फुलांचा फोटो आहे:

‘आय टुक धिस ऑन कास प्लॅटो इन सप्टेंबर. यू कॅन सी द पर्पल फ्लॉवर्स, बट यू काण्ट सी द विंड. माय मदर्स अंब्रेला हॅड जस्ट टर्न्ड इनसाइड आउट, अँड एव्हरीवन बिहाइंड मी वॉज लाफिंग.’

तीन वाक्यं आहेत, एकही अवघड शब्द नाही. तरी ‘टुक’, ‘हॅड टर्न्ड’ आणि ‘वॉज लाफिंग’ अशी भूतकाळाची तीन रूपं अचूक जागी आली. ती व्याकरणाच्या पुस्तकातून ओढूनताणून आणावी लागली नाहीत, छत्री उलटली म्हणून आली.

‘आमच्याकडे सीनरीच नाही’

लातूर, सोलापूर, परभणीकडची मुलं हे हमखास म्हणतात. मग ती महाबळेश्वरचं पाठ केलेलं वर्णन करतात, जिथे ती कधी गेलेली नसतात. परीक्षकाने ‘हाउ ऑफन डू यू गो देअर?’ असं विचारलं की अडखळतात. प्रश्न ‘इज देअर गुड सीनरी निअर युअर होम?’ असा असेल, तर ‘नाही’ हेही उत्तम उत्तर आहे. फक्त ते तिथेच सोडायचं नाही:

‘नॉट रिअली, इफ यू मीन माउंटन्स ऑर द सी. इट्स फ्लॅट फार्मलँड. बट इन जॅन्युअरी, व्हेन द सॉर्गम इज टॉलर दॅन मी, आय क्वाइट लाइक द रोड टू अवर व्हिलेज.’

रब्बीची ज्वारी डोक्याच्या वर गेलेली, मधून गाडीवाट. मला हे उत्तर महाबळेश्वरच्या दहा वर्णनांपेक्षा जास्त आवडतं, कारण बोलणारा काहीतरी डोळ्यांसमोर ठेवून बोलतो आहे हे ऐकताक्षणी कळतं. शिवाय ‘इफ यू मीन’ आणि ‘क्वाइट लाइक’ असे बोलीतले तुकडे सहज येऊन गेले.

मुंबईकरांचंही तसंच. खिडकीबाहेर बघता का, या प्रश्नाला हार्बर लाइनवरचा कुणी म्हणेल: ‘ओन्ली ऑन वन स्ट्रेच. बिट्वीन मानखुर्द अँड वाशी द ट्रेन क्रॉसेस अ वाइड क्रीक, अँड आय ऑल्वेज लुक अप फ्रॉम माय फोन देअर.’ खाडीला ‘क्रीक’ म्हणतात एवढं ठाऊक असलं की झालं.

दुसरी पायरी: छोटी उत्तरं, पण एकशब्दी नव्हेत

पहिल्या भागात उत्तर दोन ते चार वाक्यांचं हवं. आधी सरळ उत्तर, मग कारण किंवा एखादा बारीक तपशील, आणि जमलं तर ‘पण’. हा ‘पण’ फार कामाचा आहे. तो उत्तर लांबवतो, आणि तुम्ही जागेवर विचार करून बोलता आहात हे दाखवतो.

‘डू यू प्रिफर द माउंटन्स ऑर द सी?’
‘द माउंटन्स, डेफिनेटली. आय गेट बोअर्ड ऑन बीचेस आफ्टर हाफ ॲन अवर. बट माय सिस्टर कुड स्टे बाय द सी ऑल डे, सो वुई युज्वली एंड अप इन कोकण.’

‘डू यू टेक मोअर फोटोज ऑफ पीपल ऑर ऑफ प्लेसेस?’
‘पीपल, मोस्टली. माय ग्रँडमदर हेट्स पोझिंग, सो आय टेक हर पिक्चर व्हेन शीज बिझी विथ समथिंग, लाइक सॉर्टिंग राइस.’

‘डू यू एव्हर प्रिंट युअर फोटोज?’
‘हार्डली एव्हर. देअर आर थाउजंड्स ऑन माय फोन, अँड द ओन्ली प्रिंटेड वन्स ॲट होम आर फ्रॉम माय पेरेंट्स’ वेडिंग ॲल्बम.’

ही उत्तरं पाठ करू नका. ती माझ्या डोक्यातली आहेत, तुमच्या आजीची नाहीत. बांधणी तेवढी उचला. पाठांतराची चाल, एकसुरी वेग आणि डोळ्यांतला तो दूर लागलेला भाव परीक्षकांना चटकन ओळखू येतो, आणि तुम्ही प्रश्नाबाहेर घरंगळलात तर ते सरळ पुढचा प्रश्न घेतात. उलट बाजूने, पहिल्या भागात एका प्रश्नावर मिनिटभर बोलत राहू नका. तिथे प्रश्न बरेच असतात आणि वेळ थोडा.

मराठीतून थेट उतरणाऱ्या चुका

या विषयात त्या ठरलेल्या आहेत, म्हणून एकदा बसून घासून काढता येतात. सगळ्यांत मोठी म्हणजे ‘फोटो काढणे’. घाईत ‘आय रिमूव्ह्ड अ फोटो’ असं निघून जातं, आणि ऐकणाऱ्याला वाटतं भिंतीवरून उतरवला. ‘टेक अ फोटो’, ‘टुक अ फोटो’, ‘हॅव टेकन अ फोटो’ ही तीन रूपं जिभेवर बसेपर्यंत म्हणा. आपल्याकडचं ‘क्लिक अ फोटो’ भारतात सगळ्यांना कळतं, पण परीक्षेत ‘टेक’ वापरलेलं बरं.

दुसरी चूक ‘सीनरीज’. ‘सीनरी’ला अनेकवचन नाही. ‘अ लॉट ऑफ सीनरी’, ‘द सीनरी इज’ असंच म्हणायचं. अनेक दृश्यं सांगायची असतील तर ‘व्ह्यूज’ घ्या. ‘नेचर’च्या आधी ‘द’ लागत नाही. ‘द सी’, ‘द माउंटन्स’, ‘द वेस्टर्न घाट्स’ यांना लागतं. ‘कास प्लॅटो’, ‘लोणार लेक’ यांना नाही. ‘आय ॲम हॅविंग मेनी फोटोज’ऐवजी ‘आय हॅव’. ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ऐवजी ‘आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स’. ‘लास्ट इयर आय हॅव गॉन’ऐवजी ‘लास्ट इयर आय वेंट’. आणि ‘नेटिव्ह प्लेस’ऐवजी ‘द व्हिलेज माय फॅमिली कम्स फ्रॉम’.

यातली एका आठवड्यात एकच घ्या. सगळ्या एकदम सुधारायला गेलात तर बोलताना पावलोपावली थांबाल, आणि ओघाचे गुण जातील.

घाट, गड, पठार: समजावून सांगण्याचे गुण

परीक्षक कोल्हापूरचा असेल किंवा व्हिडिओ कॉलवर दुसऱ्या देशातून बोलत असेल, ते तुम्हाला आधी ठाऊक नसतं. ‘वुई स्टॉप्ड इन द घाट’ म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांसमोर काशीच्या पायऱ्याही येतील. म्हणून लगेच जोडा: ‘दॅट्स अ स्टीप माउंटन रोड विथ लॉट्स ऑफ शार्प बेंड्स.’ गडासाठी ‘ॲन ओल्ड फोर्ट ऑन टॉप ऑफ अ हिल’. टपरीसाठी ‘अ टायनी रोडसाइड टी स्टॉल’. कडा म्हणजे ‘क्लिफ’, दरी म्हणजे ‘व्हॅली’, धुकं म्हणजे ‘फॉग’ किंवा विरळ असेल तर ‘मिस्ट’.

शब्द आठवला नाही किंवा समोरच्याला कळणार नाही, तेव्हा तीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत सांगता येणं हे कौशल्य गुणांकनात मोजलं जातं. त्यामुळे मराठी शब्द टाळू नका. तो वापरा आणि एका वाक्यात उलगडा. आपल्या भागातले असे आठ-दहा शब्द काढून प्रत्येकाचं एक वाक्य बसवून ठेवा.

तिसरी पायरी: कार्डावरचं दोन मिनिटांचं बोलणं

कार्ड साधारण असं असतं: तुम्ही काढलेल्या, तुम्हाला आवडणाऱ्या एका फोटोचं वर्णन करा, कुठे काढला, त्यात काय आहे, का काढला, आणि तो का आवडतो. किंवा एखाद्या सुंदर जागेबद्दल सांगा. इथे बहुतेकांचा डाव एकाच ठिकाणी फसतो: ते फोटोचं वर्णन करतात. फोटोत असून असून असतं किती? अर्ध्या मिनिटात संपतं.

म्हणून बोलणं तीन टप्प्यांत बांधा: फोटोआधी काय झालं, तो क्षण, आणि नंतर त्या फोटोचं काय झालं. तयारीच्या मिनिटात वाक्यं लिहू नका, प्रत्येक टप्प्याला दोन-दोन शब्द लिहा. समजा, हरिश्चंद्रगडावरच्या कोकणकड्याचा फोटो आहे. कागदावर एवढंच: रात्रीची चढण, बूट ओले, धुकं, अचानक उघडलं, बाबा, वॉलपेपर. आणि बोलणं असं:

‘द फोटो आय वाँट टू टॉक अबाउट इज ऑफ अ ह्यूज क्लिफ कॉल्ड कोकणकडा. इट्स ऑन ॲन ओल्ड हिल फोर्ट इन द वेस्टर्न घाट्स, अँड इट कर्व्हज इनवर्ड्स, ऑलमोस्ट लाइक द इनसाइड ऑफ अ बोल. वुई हॅड वॉक्ड अप इन द डार्क, माय शूज वेअर सोकिंग वेट, अँड व्हेन वुई गॉट देअर वुई कुडंट सी एनिथिंग बट फॉग. वुई वेटेड. सम ऑफ माय फ्रेंड्स गेव्ह अप अँड वेंट टु हॅव टी. देन द फॉग ओपन्ड फॉर अ फ्यू मिनिट्स, अँड आय टुक धिस पिक्चर बिफोर इट क्लोज्ड अगेन…’

पुढे बाबांना तो फोटो कसा दाखवला, त्यांनी काय विचारलं, तो त्यांच्या फोनवर वॉलपेपर कसा झाला. दोन मिनिटं सहज भरतात. कार्डावरच्या चारही मुद्द्यांना स्पर्श होतो, पण ‘फर्स्टली, सेकंडली’ असा हिशेब मांडावा लागत नाही. दोन मिनिटं झाली की परीक्षक मध्येच थांबवतो. त्यात काही वाईट नाही, वाक्य तोडून थांबा.

तुमच्या अल्बममधले तीन-चार फोटो असे तयार करून ठेवा. एकच गोष्ट बऱ्याच कार्डांना चालते. कोकणकड्याचा फोटो प्रवासाच्या, मित्रांच्या, वाट पाहण्याच्या किंवा खराब हवामानाच्या कार्डालाही लावता येतो, फक्त जोर कशावर द्यायचा ते बदलतं.

चौथी पायरी: ‘मी’कडून ‘लोकां’कडे

तिसऱ्या भागात प्रश्न मोठे होतात. लोक हल्ली इतके फोटो का काढतात? फोटोमुळे आठवण पक्की होते की अनुभव निसटतो? सुंदर जागांवर पर्यटनाचा काय परिणाम होतो? इथे ‘आय’ कमी करून ‘पीपल’, ‘मेनी फॅमिलीज’, ‘द लोकल अथॉरिटीज’ असे कर्ते आणायचे, आणि ‘टेंड टू’, ‘माइट’, ‘इट डिपेंड्स ऑन’ यांनी विधान थोडं सैल ठेवायचं.

उदाहरणाशिवाय केलेली चर्चा पोकळ वाटते, आणि आपल्याकडे उदाहरणं भरपूर आहेत. पश्चिम घाटातल्या ३९ जागा २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या, त्यात कास आहे. त्यानंतरची गर्दी आणि फुलं तुडवली जाऊ नयेत म्हणून घातलेले निर्बंध तुम्ही वाचले असतील. मुंबई पोलिसांनी २०१६ मध्ये समुद्रकिनाऱ्यावरची आणि इतर काही धोक्याची ठिकाणं ‘नो सेल्फी झोन’ म्हणून जाहीर केली होती. हे दोन दाखले इंग्रजीत मांडून पाहा. पहिला असा मांडता येईल:

‘आय थिंक फोटोज कॅन अॅक्च्युअली हार्म अ प्लेस. वन्स अ प्लॅटो फुल ऑफ फ्लॉवर्स बिकम्स फेमस ऑनलाइन, मोअर पीपल कम दॅन द ग्राउंड कॅन टेक. ऑन द अदर हँड, विदाउट दोज फोटोज, फ्यूअर पीपल वुड केअर अबाउट प्रोटेक्टिंग इट.’

असं दोन्ही बाजूंनी बोलता आलं की वरच्या बँडकडे, म्हणजे वरच्या गुणश्रेणीकडे, वाट सुरू होते. पण तुमचं मत ठाम एका बाजूचं असेल तर तेच मांडा, उगाच समतोल साधू नका.

उच्चार: थोडेच शब्द, पण रोज

या विषयाचा एक खास खड्डा आहे. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर ‘फो’वर. ‘फटॉग्रफर’ आणि ‘फटॉग्रफी’मध्ये जोर ‘टॉ’वर सरकतो. ‘फोटोग्रॅफिक’मध्ये ‘ग्रॅ’वर. आपण सगळीकडे ‘फोटोग्राफर’ असं सपाट म्हणतो. चारही शब्द ओळीने, टाळी देत म्हणा; ज्या अक्षरावर जोर त्यावर टाळी. क्षितिजासाठीचा शब्द ‘हरायझन’ आहे, जोर ‘राय’वर. ‘माउंटेन’ नव्हे, ‘माउंटन’.

मग ‘व्ह’ आणि ‘व’. ‘व्ह्यू’, ‘व्हॅली’, ‘व्हिलेज’ म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांना लागला पाहिजे. ‘वॉटरफॉल’, ‘विंडो’, ‘वाइड’ म्हणताना ओठ गोल, दात लांब. आरशासमोर ‘अ व्ह्यू फ्रॉम द विंडो’ हे रोज काही वेळा म्हणा. दोन्ही हालचाली त्या पाच शब्दांत येतात.

रोजचा सराव कसा लावायचा

रोज एक फोटो घ्या. रेकॉर्डर चालू करा आणि कागद न घेता बोला. उत्तर आधी लिहून काढायचं नाही, कारण लिहिलेलं पाठ होतं. रेकॉर्डिंग लगेच ऐकू नका, जेवून या, मग ऐका. पहिल्यांदा फक्त अडखळण्याच्या जागा टिपा, दुसऱ्यांदा फक्त क्रियापदं. अडखळण्याचं कारण बहुतेकदा एखादा हरवलेला शब्द असतो. तो शोधा आणि त्याच फोटोवर दुसऱ्या दिवशी पुन्हा बोला. स्वतःचा आवाज सुरुवातीला कुणालाच आवडत नाही, पण यापेक्षा प्रामाणिक शिक्षक मिळणं अवघड आहे.

आठवड्यातून दोनदा कुणाला तरी समोर बसवा. धाकटा भाऊ चालेल, मैत्रीण चालेल, कामावरची सहकारी चालेल. त्यांना इंग्रजी उत्तम यायला हवं असं नाही. त्यांनी फक्त तुमचा अल्बम उघडायचा, कोणताही फोटो दाखवायचा आणि प्रत्येक उत्तरानंतर ‘व्हाय?’ विचारायचं. तिसऱ्या ‘व्हाय’ला तुम्ही जे बोलाल ते पाठ केलेलं नसेल, आणि खरा सराव तिथून सुरू होतो.

परीक्षेच्या दिवशी

स्पीकिंगची वेळ बाकीच्या पेपरांपेक्षा वेगळ्या दिवशीही असू शकते, त्यामुळे बुकिंगमधला दिवस आणि ठिकाण नीट पाहून ठेवा. पासपोर्ट, तोही बुकिंगला वापरलेलाच, हातात हवा. फोन बाहेर ठेवावा लागतो, म्हणून आदल्या रात्री अल्बम एकदा शांतपणे पाहून घ्या, बोलू नका.

प्रश्न कळला नाही तर गप्प बसू नका. ‘सॉरी, कुड यू से दॅट अगेन?’ असं विचारणं अगदी रीतीचं आहे. विचार करायला क्षण हवा असेल तर ‘लेट मी थिंक, आय हॅव्हंट रिअली थॉट अबाउट दॅट’ म्हणा, पण प्रत्येक प्रश्नाला नव्हे. चुकीचा काळ तोंडातून गेला आणि लक्षात आलं, तर एकदा दुरुस्त करा आणि पुढे चला. आणि सीनरीऐवजी टोप्या, चॉकलेट किंवा शेजारी असा विषय निघाला तरी पाच प्रश्न तेच आहेत: कुठे, केव्हा, कोण, चौकटीबाहेर काय, आणि का.